काशिफाच्या नावाने

१

सोमवारी सकाळी बुधाजीने दोन नंबरच्या खोलीचं जाड दार ओढलं. नेहमीसारखी पांढरी वाफ अंगावर आली नाही. वास मात्र आला.

बुधाजी म्हात्र्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये यंत्रं सांभाळत असे. करंजा गावच्या बोटींची कोळंबी तिथे गोठवून ठेवत, मग ती कंटेनरमध्ये भरून उरणच्या बंदराकडे जाई. गोठलेल्या कोळंबीची लादी विटेसारखी टणक असते. बुधाजीने वरच्या खोक्यातली लादी अंगठ्याने दाबली, तर अंगठा आत रुतला. तो ओरडला नाही. दार लावून सरळ ऑफिसात गेला आणि मालकांना म्हणाला, "शेठ, दोन नंबर गेली."

"गेली म्हणजे?"

"मशीन बंद पडलंय. कधी पडलं म्हायीत न्हाय. काल रविवार, हितं फक्त वॉचमन. भोंगाच वाजला न्हाय."

इथे भोंग्याबद्दल थोडं सांगायला हवं. खोलीतलं तापमान उणे अठराच्या वर चढलं की भोंगा वाजतो आणि वॉचमन बुधाजीला घरून बोलावतो. भोंग्याने कितीवर वाजायचं, तो आकडा भोंग्यात नसतो. तो असतो डेटाबेसमध्ये, म्हणजे कंप्युटरमधल्या माहितीच्या कोठारात. कुठल्या खोलीत कोणाचा माल, खोलीची मर्यादा किती, सगळं तिथेच.

मालक धनेशशेठनी पनवेलहून मितेशला बोलावलं. हे सगळं कंप्युटरचं काम मितेशकडे होतं. त्याने कोठार उघडलं. दोन नंबरच्या खोलीसमोर उणे अठराच्या जागी अधिक दहा असा आकडा होता.

"कोणी बदलला?" शेठनी विचारलं.

मितेशने नोंदी काढल्या. बदल शनिवारी सकाळचा होता. त्यापुढे बदलणाऱ्याचं नावही होतं. ते मितेशने वाचलं, आणि सगळ्यांनी दाराशी डबा घेऊन उभ्या असलेल्या ऑपरेटर मुलीकडे पाहिलं.

पडद्यावर काशिफाचं नाव होतं.

२

काशिफाचे वडील वहाब मुकादम मंगळवारी सकाळीच घरतबाईंच्या ओटीवर येऊन बसले. ठमाबाई घरत मिठागरवाल्याची मुलगी. तांत्रिक शाळेत त्यांनी कंप्युटर शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. निवृत्त झाल्या तरी पंचक्रोशीतली निम्मी ऑफिसं त्यांच्याच विद्यार्थ्यांनी भरलेली.

"बाई, पोरीनं रात्रभर डोळा लावला नाही," वहाब म्हणाले. "धनेशशेठ उद्या पोलिसांत तक्रार देणार. आज संध्याकाळी बोटवाले जमतायत, त्यांना तो तिचं नाव सांगणार. त्या खोलीत माझ्या बोटीचाही माल होता. मी माल सोडला. पण उद्या जेट्टीवर लोक म्हणतील, मुकादमाच्या मुलीनं आमचं घर बुडवलं. ते कसं सोडू?"

"ती काय म्हणते?"

"म्हणते, मी हात लावला नाही."

"मग आधी ते खरं धरून बघू. जुळलं नाही तर सोडून देऊ."

बाई कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात गेल्या. धनेश म्हात्रेही बाईंचाच विद्यार्थी. त्याने बाईंना खुर्ची दिली, चहा मागवला आणि उभ्यानेच बोलू लागला.

"बाई, तुम्ही आलात, बरं वाटलं. पण यात शोधायचं काही नाही. कंप्युटर खोटं बोलत नाही, तुम्हीच शिकवलंत."

"मी असं शिकवलं होतं की कंप्युटरला विचारलं तेवढंच तो सांगतो. असो. तिनं का केलं असेल?"

"शुक्रवारी रजा मागितली, मी नाही म्हटलं. तोंड पाडून गेली."

"बापाचा माल आत असताना?"

"रागात माणूस बघतो का, बाई? आणि एक सांगतो. शनिवारी दुपारी मी माझ्या लॅपटॉपवर उघडलं, तर म्हणे परवानगी नाही. माझ्याच कंपनीत मला परवानगी नाही. आधी आकडा बदलला आणि मग दार लावून घेतलं तिनं. मला वाटलं, मितेशला सोमवारी सांगू."

"तू एरवी त्यात काही बदलतोस का?"

"मी? मी नुसतं बघतो. माल किती, जागा किती. बदलायचं काम तिचं."

बाईंनी चहा संपवला. "मला फिरू देशील आज?"

"संध्याकाळपर्यंत फिरा. लोक आले की मला बोलावं लागेल."

३

काशिफाला कामावर येऊ नको असं सांगितलं होतं, तरी ती गेटबाहेरच्या टपरीजवळ बसली होती. बाई शेजारी बसल्या.

"शनिवारी सकाळी काय करत होतीस?"

"काहीच नाही, बाई. तेच तर. काम बंद होतं माझं."

"का?"

"प्रोग्राम नव्हता ना. कोठार उघडायचा जो प्रोग्राम आहे, त्याची नवीन आवृत्ती घालायची होती. मितेशदादा फोनवर म्हणाले, आधी जुना काढून टाक, मग नवा घाल. शुक्रवारी जाताना मी जुना काढला. शनिवारी नवा घालायला गेले, तर पासवर्ड मागायला लागला. तो फक्त दादांकडे. दुपारी ते आले तेव्हा चालू झालं. तोपर्यंत मी कपाटातल्या फायली पुसत बसले होते."

"हे शेठना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, दुसऱ्याच्या कंप्युटरवर जाऊन केलं असशील. मग मी काय बोलणार?"

बाईंनी तिथूनच मितेशला फोन लावला.

"हां बाई, सही बात आहे," मितेश म्हणाला. "मी आलो तेव्हा तिच्या पीसीवर क्लायंट, मतलब तो प्रोग्राम, नव्हताच. जुना अनइन्स्टॉल, नवा फेल. मी ॲडमिनने लॉगिन करून टाकला."

"तेवढंच केलंत?"

"एक और केलं. तिला नवीन युजर बनवून दिला. जुनं नाव होतं, त्याचा पासवर्ड सोपा होता, खूप जुना. त्याचे बदलायचे राइट्स काढले. पूरा बंद नाही केलं, बंद केलं की कुठे काय अडकेल सांगता येत नाही. फक्त बघायचं ठेवलं."

"हे कोणाला बोललात?"

"काशिफाला बोललो, हे तुझं नवीन नाव. जुन्याचं कोणाला काय सांगायचं? ते वापरणारी तीच ना."

"आणि बदल कुठल्या कंप्युटरवरून झाला, ते नोंदीत दिसत नाही?"

"दिसलं असतं. पण ती सेटिंग ऑन नव्हती. मिस्टेक माझीच."

बाईंनी फोन ठेवला. शनिवारी सकाळी काशिफाकडे कोठार उघडायचं साधनच नव्हतं. तरी त्याच सकाळी तिच्या नावाने कोठार उघडलं गेलं होतं.

"काशिफा," त्या म्हणाल्या, "तुझं नाव तुझ्याशिवाय कुठे कुठे जाऊन आलंय, ते आठव बरं."

काशिफाने नकारार्थी मान हलवली. तिला खरंच माहीत नव्हतं.

४

गेटच्या केबिनमध्ये रुचिता बसे. गाडी आत आली की कुठल्या खोलीतला माल द्यायचा ते बघून पास द्यायचा, हे तिचं काम. बाईंना बघताच ती उठली.

"बाई, तुम्ही मला नापास केलेलं, आठवतं?"

"आठवतं. दुसऱ्यांदा पास झालीस तेही आठवतं. बस. तुझ्याकडे तो प्रोग्राम आहे?"

"हाय ना. त्याच्याबिगर पास कसा देणार?"

"कोणी घातला?"

रुचिता हसली. "मीच. पहिलं तो मितेश येतो येतो म्हणून हप्ताभर आलाच न्हाय. मी घालायला गेले तं परवानगी न्हाय, पासवर्ड द्या. गाड्यांची लाइन रस्त्यापर्यंत. डायवर शिव्या देतात त्या मलाच. मंग मी काशिफाच्या कंप्युटरमधलं आख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं आनि हितं टाकलं. लगेच चाललं, एक पासवर्ड मागला न्हाय."

"तिला विचारलंस?"

"घेते गो, म्हटलं. ती घे म्हणाली. विरजणासारखं हो, बाई. घरात दही न्हाय तं शेजारनीकडून चमचाभर आणतो, त्याला काय विचारायचं?"

बाई वर्गात बोलत तशा सावकाश बोलल्या.

"विरजण आणलं की दही आपलं होतं, रुचिता. शेजारणीचं नाव त्यात राहत नाही. या फोल्डरमध्ये राहतं. काशिफानं रोज टाइप करायला नको म्हणून तिचं नाव आणि पासवर्ड त्यात साठवून ठेवला होता. तू फोल्डर आणलंस, तेव्हा तेही आलं. तू इथून काही केलंस तर कोठाराला वाटतं, काशिफानं केलं."

रुचिताचा चेहरा उतरला. "म्हंजे माझ्या हातून..."

"तू काही बदललंस का?"

"आईशपथ न्हाय, बाई. मी फकस्त बघते. बदलायचं कसं तेपन म्हायीत न्हाय."

"शनिवारी दुपारनंतर प्रोग्राम अडला होता का?"

"न्हाय. रात्री गेट बंद करेपर्यंत चालला. आजपन चालतो."

"मग मला सांग, हे विरजण तुझ्याकडून पुढे कोणी नेलं?"

रुचिताने केबिनच्या काचेतून ऑफिसच्या बाजूला पाहिलं.

"मीच नेऊन दिलं," ती म्हणाली. "शेठच्या लॅपटॉपवर."

५

बाई लगेच ऑफिसात गेल्या नाहीत. दोन ठिकाणी एक नाव होतं, म्हणून कोणा एकावर बोट ठेवता येत नव्हतं. रुचिता खरं बोलत असेल, नसेलही. त्या यंत्रघरात गेल्या. बुधाजी कंप्रेसर उघडून बसला होता, हात कोपरापर्यंत काळे.

"बुधाजी, शनिवारी सकाळी दोन नंबरमधून माल निघाला?"

"व्हय. मोठी गाडी लागली. दार बराच टाइम उघडं."

"मग भोंगा वाजला असेल."

बुधाजीने पाना खाली ठेवला. "तेच मी कालपास्नं इचार करतो. लोडिंगला दार उघडं ऱ्हायलं की ह्यो बोंबलतोच. आम्हाला सवय हाय, बोंबलू देतो. त्या दिशी गप व्हता. मला वाटलं, पावनं आलंत म्हणून देवानंच लाज राखली."

"पाहुणे कोण?"

"माल घेणारी मोठी पार्टी. शेठ त्यांना दोन नंबर दाखवत व्हते. मागल्या बारीला ते आल्ते तवा भोंगा वाजला, आनि त्यातला एक बोलला, तुमची मशीन बिघडलेली दिसते. शेठ लई चिडले व्हते. काशिफाला बोलले, लोडिंगपुरता आकडा वर कर. ती बोलली, लेखी द्या, मंग करते. त्यावरून दोघांचं वाजलं."

"लेखी दिलं?"

"कशाला देतात."

बाई परत गेटवर आल्या. रुचिताच्या कंप्युटरवर त्यांनी प्रोग्राम उघडला. काशिफाच्या जुन्या नावाने तो मुकाट उघडला. खोल्यांची यादी आली, मालाची यादी आली. सगळं दिसत होतं.

"बघा, चालतो," रुचिता म्हणाली.

"आता हे बघ." बाईंनी चार नंबरच्या रिकाम्या खोलीसमोरचा आकडा खोडून तोच आकडा पुन्हा लिहिला आणि साठवायला सांगितला. पडद्यावर लाल चौकट आली. परवानगी नाही.

रुचिता वाकून बघत राहिली. "हे मी कधीच बघितलं न्हाय."

"कसं बघशील?" बाई म्हणाल्या. "आमच्या मिठागराला उघाडी होती. खाडीचं पाणी आत घ्यायचं त्याची फळी. उघाडी बघायला कोणीही जावं, कोणी हटकत नसे. फळीला हात लावला तरच माझा बाप ओरडे. शनिवारी दुपारी मितेशनं या नावाची फळी बंद केली, वाट मोकळी ठेवली. बघणाऱ्याला काही कळलं नसतं."

त्या उठल्या. गेटबाहेर बोटवाले जमायला लागले होते.

६

धनेश आरशासमोर शर्ट नीट करत होता. बाईंच्या मागून काशिफा आत आली तेव्हा त्याने भुवई उंचावली.

"तिला मीच बोलावलं," बाई म्हणाल्या. "दार लावून घे."

मग त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं. काशिफाकडे शनिवारी सकाळी प्रोग्राम नव्हता. तिचं नाव गेटवर होतं आणि धनेशच्या लॅपटॉपवर होतं. दुपारी त्या नावाला फक्त बघायचा हक्क उरला. धनेश ऐकत होता. मध्ये एकदा तो म्हणाला, "मग रुचितानं केलं असेल," पण आवाज बसका होता.

"असेल, असं मीही धरलं," बाई म्हणाल्या. "पण रुचिताला परवानगी नाही हे शब्द आज पहिल्यांदा दिसले, मी दाखवले तेव्हा. शनिवारी ते एकाच माणसाला दिसले. आज सकाळी तूच मला सांगितलंस. आणि नुसतं बघणाऱ्याला ते दिसतच नाहीत, धनेश. बदलायला गेलं तरच दिसतात."

धनेश टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिला.

"माझा एकच प्रश्न आहे," बाई म्हणाल्या. "शनिवारी दुपारी तू काय बदलत होतास?"

बाहेर कोणीतरी मोठ्याने हसलं, मग हसणं थांबलं. धनेश खुर्चीत बसला.

"परत उणे अठरा करत होतो," तो म्हणाला. "शप्पथ, बाई. लोडिंगपुरताच वर केला होता. पाहुण्यांसमोर परत तमाशा नको होता. गाडी गेली, आकडा खाली आणायला बसलो, तर परवानगी नाही. दोनदा केलं, तीनदा केलं. पाहुणे अलिबागला जेवायला निघाले होते, गाडी सुरू. म्हटलं, सोमवारी बघू. मशीन काय रोज बंद पडतं? पडलं नेमकं."

"मितेशला फोन करता आला असता."

"करता आला असता. पण तो विचारणार, तुम्ही आकड्याला हात का लावला? मीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं, ऑपरेटरशिवाय कोणी हात लावायचा नाही."

"आणि काशिफाचं नाव?"

"मी तिचं नाव घेतलं नाही, बाई. कंप्युटरनं घेतलं. काल मितेशनं वाचलं तेव्हा मीच चमकलो. मला वाटलेलं, माझं निघणार. तिचं निघालं. मग..." तो थांबला.

"मग तू गप्प बसलास."

"बाहेर बोटवाले आहेत. माझ्या बापाच्या वेळेपासून ते माल ठेवतात. मी त्यांना काय सांगू? पाहुण्यांपुढे शान राहावी म्हणून तुमची कोळंबी घालवली?"

इतका वेळ काशिफा भिंतीशी उभी होती. ती पहिल्यांदा बोलली.

"माझे अब्बाही बाहेर आहेत, शेठ. तुम्ही माझं नाव सांगितलं असतं, तर त्यांनी काय सांगायचं?"

धनेशने तिच्याकडे पाहिलं. लगेच नजर खाली गेली. बाईंना वाटलं, तो आता काहीतरी मधला मार्ग काढेल, तांत्रिक बिघाड झाला म्हणेल. त्याच्या ओठांवर ते आलंही असावं.

"तुला शिकवायचं वय गेलं," बाई म्हणाल्या. "तू ठरव. मी इथेच बसते."

७

धनेश बाहेर गेला तो हातात काही न घेता. बोटवाले गेटजवळच्या शेडमध्ये उभे होते. वहाब एका टोकाला होते. त्यांच्या आणि बाकीच्यांच्या मध्ये दोन माणसं सहज मावली असती.

त्याने फार लांबण लावली नाही. आकडा मी वर केला, म्हणाला. का केला तेही सांगितलं. परत खाली आणता आला नाही आणि मी कोणाला बोललो नाही. काशिफाच्या नावाने झालं, पण तिनं केलेलं नाही. तिला माहीतही नव्हतं. नुकसान माझ्याकडे.

सदा तांडेल सगळ्यांत म्हातारा. तो बराच वेळ धनेशकडे बघत राहिला.

"काल फोनवर तर तू येगलंच बोलत व्हतास," तो म्हणाला.

"काल मी खोटं बोलत होतो."

"भरपाईचं मागनं बघू," सदा म्हणाला. "आदी त्या पोरीला आत घे. उन्हात बसवलीस दोन दीस." मग तो वळून वहाबजवळ जाऊन उभा राहिला, आणि दोघं कंप्रेसर दुरुस्त व्हायला किती दिवस लागतील यावर बोलू लागले. हळूहळू बाकीचेही तिकडे सरकले.

ऑफिसात काशिफा तिच्या जागेवर बसली होती. बसण्याआधी तिने बाईंना विचारलं होतं, "ती शनिवारची नोंद पुसता येईल?"

"येईल की नाही ते मितेश सांगेल. पण पुसू नये," बाई म्हणाल्या. "नोंद खोटी नाही, अर्धी आहे. तिच्या शेजारी उरलेलं अर्धं लिहून ठेव."

काशिफाने ते लिहिलं. मितेशने फोनवरून तिला बाकीच्यांची नावं उघडायचा हक्क दिला होता. तिने तिचं जुनं नाव शोधलं आणि ते पूर्ण बंद केलं. क्षणभरातच गेटवरून आवाज आला.

"गो काशिफा, माझं बंद पडलं की."

"पडणारच. ये इकडे, तुझ्या नावाचं करून देते. आणि पेन ड्राइव्ह आणू नकोस."

रुचिता धावत आली. काशिफाने तिच्याकडून नाव लिहवून घेतलं, पासवर्ड टाइप करताना स्वतः तोंड फिरवलं, आणि तिला फक्त यादी बघायचा हक्क दिला. रुचिता गेली तरी दारात कोणी उभं असल्याचं काशिफाला जाणवलं.

धनेशशेठ लॅपटॉप छातीशी धरून उभे होते. ते आत यायला कचरत होते.

"या, बसा," काशिफा म्हणाली. "नाव सांगा."

"धनेश म्हात्रे."

तिने ते टाइप केलं. मग की-बोर्डवरचे हात उचलून तिने विचारलं, "शेठ, तुम्हाला काय देऊ, बघायचं की बदलायचं?"

धनेशने लॅपटॉप टेबलावर ठेवला.

"बघायचं," तो म्हणाला. "नुसतं बघायचं."